हँडलरला बोलावतो कोण?

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या आयटी पार्कांत आणि वागळे इस्टेटमधल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांत एक वाद गेली कित्येक वर्षे अधूनमधून डोके वर काढतो. वेब पानावरच्या बटणामागे जी मेथड लिहितात, जिला आपण इव्हेंट हँडलर म्हणतो, तिचा ॲक्सेस मॉडिफायर, म्हणजे ती कोणत्या कोडला दिसावी हे ठरवणारा शब्द, कोणता असावा: प्रायव्हेट (फक्त त्याच क्लासला, म्हणजे कोडच्या त्याच गटाला), प्रोटेक्टेड (त्याच्यापासून वारसा घेणाऱ्या क्लासनाही) की पब्लिक (सगळ्यांना)? कोड तपासणारी साधने आता बिल्डचाच, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम तयार करण्याच्या पायरीचाच, भाग झाल्यामुळे आणि ग्राहकांच्या सुरक्षा तपासणीच्या याद्या लांबत चालल्यामुळे हा वाद अलीकडे जरा जास्तच तापला आहे. तो ऐकताना खटकते ते एवढेच की दोन्ही बाजू नियम सांगतात आणि कारण सांगत नाहीत. एक बाजू म्हणते, जे लपवता येईल ते लपवलेच पाहिजे, म्हणून सगळे हँडलर प्रायव्हेट करा. दुसरी म्हणते, या पानाच्या क्लासला बाहेरून हात लावणारे कोणी नाही, तेव्हा पब्लिक ठेवल्याने काय बिघडणार आहे? आणि मधला मोठा वर्ग व्हिज्युअल स्टुडिओ या मायक्रोसॉफ्टच्या कोड लिहिण्याच्या साधनाने जे लिहून दिले ते तसेच ठेवतो व विचारले तर ‘डिफॉल्ट आहे’ असे उत्तर देतो.

माझे म्हणणे असे की या प्रश्नाला सर्व फ्रेमवर्कांना, म्हणजे वेब पाने उभारण्याच्या तयार चौकटींना, लागू पडेल असे एक उत्तर नाही, पण उत्तर काढण्याची पद्धत मात्र एकच आहे. हँडलरला बोलावणारा, म्हणजे त्याचे नाव घेऊन त्याला इव्हेंटशी जोडणारा, कोड कोणत्या क्लासमध्ये राहतो ते आधी शोधावे आणि त्याला पोहोचता येईल एवढीच मोकळीक द्यावी, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. याच्या जोडीला दुसरी गोष्ट तितक्याच ठामपणे सांगावी लागते. ब्राउझरसमोर बसलेल्या माणसाला काय करता यावे आणि काय करता येऊ नये, हा प्रश्न ॲक्सेस मॉडिफायरने सुटत नाही. कोडच्या एका तुकड्याने दुसऱ्याला बोलावणे आणि वापरकर्त्याने सर्व्हरकडून काम करून घेणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि आपल्या वादांतला निम्मा गोंधळ त्यांना एकत्र कालवल्यामुळे झालेला आहे.

आधी यंत्रणा पाहू, कारण तिच्याशिवाय पुढचे सगळे हवेत राहील. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स या फ्रेमवर्कमध्ये पानाचे दोन भाग असतात. दिसणारा भाग एएसपीएक्स फाइलीत आणि वागणूक कोड-बिहाइंड क्लासमध्ये. पान चालवण्यापूर्वी एएसपी डॉट नेट त्या एएसपीएक्स फाइलीपासून एक नवा क्लास तयार करते, आणि हा क्लास आपल्या कोड-बिहाइंड क्लासपासून वारसा घेतो. बटणाच्या टॅगमध्ये ऑनक्लिकपुढे आपण हँडलरचे नाव लिहितो, तेव्हा त्या बटणाच्या क्लिक इव्हेंटला हँडलर जोडणारी ओळ या तयार झालेल्या क्लासमध्ये पडते. म्हणजे हँडलरचे नाव घेणारा कोड वारस क्लासमध्ये राहतो. प्रायव्हेट मेथड वारसाला दिसत नाही, प्रोटेक्टेड दिसते. व्हिज्युअल स्टुडिओ हँडलरपुढे प्रोटेक्टेड लिहितो त्याचे कारण एवढे साधे आहे. त्यात शैलीचा आग्रह नाही आणि सुरक्षेचाही नाही.

हे कारण किती नेमके आहे ते या तंत्राच्या इतिहासावरून कळते. २००२ साली डॉट नेटची पहिली आवृत्ती आली, तेव्हा व्हिज्युअल स्टुडिओ पेज_लोडसारखे हँडलर चक्क प्रायव्हेट लिहीत असे. कारण त्या काळी हँडलर जोडण्याच्या ओळी कोड-बिहाइंडमध्येच, इनिशिअलाइझकंपोनंट नावाच्या मेथडमध्ये पडत. बोलावणारा आणि बोलावला जाणारा एकाच क्लासमध्ये राहत होते, त्यामुळे प्रायव्हेट पुरेसे होते. उलट पानावरचे बटण, टेक्स्टबॉक्स असे कंट्रोल तेव्हा कोड-बिहाइंडमध्ये प्रोटेक्टेड म्हणून जाहीर करावे लागत, कारण ते प्रत्यक्ष निर्माण करणारा कोड वारस क्लासमध्ये असे. २००५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ही जोडणी टॅगमध्ये गेली आणि हँडलर प्रोटेक्टेड झाले. हँडलरचे काम तेच राहिले, तो लिहिणारा माणूस तोच राहिला. जोडणीची ओळ एका क्लासमधून दुसऱ्यात गेली, म्हणून मॉडिफायर बदलला. जुन्या आवृत्तीतल्या पानांत प्रायव्हेट पाहून ‘आधी बरोबर होते, मग ढिलाई आली’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी ही ओळ कुठून कुठे गेली ते एकदा पाहावे.

प्रायव्हेटच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा असा की हँडलर ही कुणी सहज बोलवायची मेथड नव्हेच. ती इव्हेंट घडल्यावर चालावी, एरवी कुणाला दिसूही नये. हे मला पूर्ण मान्य आहे. विंडोज फॉर्म्समधून, म्हणजे डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅममधून, वेबकडे आलेल्या मंडळींची सवयही हीच आहे आणि ती सवय तिथे बरोबर होती, कारण विंडोज फॉर्म्समध्ये डिझायनरने लिहिलेला कोड आणि आपला कोड हे एकाच क्लासचे दोन पार्शल तुकडे असतात. याहून पुढे जाऊन ही बाजू असेही म्हणू शकते, आणि त्यांच्यातले जाणकार म्हणतातच, की वेब फॉर्म्समध्येसुद्धा टॅगमधले ऑनक्लिक काढून टाका, ऑनइनिट ओव्हरराइड करून तिथे हाताने हँडलर जोडा, मग प्रायव्हेट चालेल आणि नावात चूक झाली तर ती बिल्डच्या वेळीच पकडली जाईल. हा युक्तिवाद खोटा नाही. ज्या टीमने सगळी जोडणी कोडमध्ये करायचे ठरवले आहे तिच्या पानांत हँडलर प्रायव्हेटच असले पाहिजेत, कारण तिथे बोलावणारा त्याच क्लासमध्ये राहतो. माझ्या कसोटीवर हे उत्तर उतरते. पण यादीतली प्रत्येक ओळ एकाच साच्यातून काढणाऱ्या रिपीटर या कंट्रोलच्या आयटेम टेम्प्लेटमधल्या बटणाचे काय करणार? ते बटण प्रत्येक ओळीसाठी नव्याने जन्माला येते, म्हणून त्याच्या नावाचे फील्ड पानाच्या क्लासमध्ये नसतेच. ते हाताने जोडायचे तर आयटेमक्रिएटेड इव्हेंटमध्ये शिरून फाइंडकंट्रोलने शोधावे लागते. एक टॅग पुरला असता तिथे दहा ओळी आणि एक टाइपकास्ट येतो. एवढ्यावर मिळवले काय, तर प्रोटेक्टेडच्या जागी प्रायव्हेट हा शब्द. प्रत्येक हँडलर प्रायव्हेट, असा सरसकट नियम काढणाऱ्यांनी ही किंमत मोजलेली नसते.

नियम यंत्रवत लावला की काय होते ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. तपासणीचे साधन सांगते की अमुक मेथडला या क्लासच्या सी शार्प कोडमध्ये कोणी बोलावत नाही, ती प्रायव्हेट करता येईल. साधनाला एएसपीएक्स फाइल वाचता येत नाही, त्यामुळे त्याच्या परीने ते बरोबरच सांगते. एखादा नवखा इंजिनीअर तीस-चाळीस पानांतले प्रोटेक्टेड एका फटक्यात प्रायव्हेट करतो. बिल्ड पास होतो, कारण वेब ॲप्लिकेशन प्रकल्पात बिल्डच्या वेळी फक्त कोड-बिहाइंड कंपाइल होतो. एएसपीएक्स फाइलीचा क्लास पान पहिल्यांदा मागितले जाते तेव्हा सर्व्हरवर तयार होतो. युनिट टेस्ट असल्या तर त्याही पास होतात. मग कोड टेस्टिंगच्या सर्व्हरवर जातो, कुणीतरी पान उघडतो आणि पिवळा-पांढरा एरर समोर येतो: सीएस०१२२, मेथड तिच्या संरक्षण पातळीमुळे उपलब्ध नाही. रोजच्या वापरातली पाने लगेच सापडतात. वर्षातून एकदा मार्चअखेरीला लागणारे पान मात्र मार्चअखेरीलाच फुटते. आधीच सावध असलेल्या टीम एएसपी नेट कंपायलर बिल्डमध्ये जोडून सगळी पाने आधीच कंपाइल करून घेतात, आणि मी प्रत्येकाला तसे करायला सांगेन. पण मूळ मुद्दा राहतोच. बोलावणारा कोण हे न विचारता मॉडिफायर बदलला की असे होणारच.

आता पब्लिकवाल्यांकडे वळू. त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा मी टाळणार नाही: वेब फॉर्म्सच्या पानावरची पब्लिक मेथड म्हणून कुणाला पत्ता टाइप करून चालवता येत नाही. पानाच्या क्लासला बाहेरचा कोडही सहसा बोलावत नाही. मग पब्लिक लिहिले तर नेमके नुकसान काय? नुकसान तेव्हा सुरू होते जेव्हा मेथड दिसते म्हणून कुणीतरी ती वापरतो. यूझर कंट्रोलमध्ये, म्हणजे अनेक पानांत वापरायच्या तयार तुकड्यात, हे फार लवकर घडते. शोधपट्टीच्या कंट्रोलमध्ये शोध बटणाचा हँडलर पब्लिक आहे, पानाला पहिल्यांदा उघडतानाच शोध चालवायचा आहे, तर पान सरळ त्या हँडलरला बोलावते आणि सेंडर (इव्हेंट उठवणारा कंट्रोल) व इव्हेंटआर्ग्स (इव्हेंटचा तपशील) यांच्या जागी नल, नल, म्हणजे काहीच नाही, असे पाठवते. काम होते, सगळे खूश. सहा महिन्यांनी दुसरा कोणीतरी त्या हँडलरमध्ये सेंडरला बटणात कास्ट करून त्याचे कमांडआर्ग्युमेंट वाचणारी ओळ टाकतो. त्याच्या दृष्टीने ती ओळ निर्धोक आहे, कारण हँडलरला सेंडर मिळतोच, हा इव्हेंटचा करार आहे. आणि पान नल रेफरन्सने कोसळते. चूक कुणाची? ओळ टाकणाऱ्याची नाही. ज्याने हँडलर पब्लिक ठेवून त्या कराराला भोक पाडले त्याची. तिथे प्रोटेक्टेड असते तर पानाला तो हँडलर दिसलाच नसता आणि लिहिणाऱ्याला योग्य वाट धरावी लागली असती: शोधण्याचे काम वेगळ्या, नीट नावाच्या मेथडमध्ये काढणे, ती पब्लिक करणे आणि हँडलरमधून फक्त तिला बोलावणे.

युनिट टेस्टसाठी हँडलर पब्लिक हवा, हा दुसरा युक्तिवाद मला त्याहून कच्चा वाटतो. टेस्टमधून हँडलर बोलावला तरी आत सेशन आहे, रिक्वेस्ट आहे, पानाच्या जीवनचक्रात भरले जाणारे कंट्रोल आहेत. यांतले काहीच टेस्टमध्ये उभे नसते. ज्या हँडलरची टेस्ट लिहावीशी वाटते त्या हँडलरमध्ये व्याजाची आकडेमोड, सवलतीचे नियम किंवा डेटाबेसचे व्यवहार शिरले आहेत, हेच त्यातून कळते. ते सगळे बाहेर काढावे, त्याची टेस्ट लिहावी, आणि हँडलर चार ओळींचा ठेवावा.

सुरक्षेचा मुद्दा यापेक्षा गंभीर आहे आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे. समजा, वाशीच्या बाजार समितीतल्या एखाद्या अडत्यासाठी आपण आवक नोंदवण्याचे पान लिहिले आहे. कोणीही मेहता-कारकून पेट्यांची नोंद करू शकतो, पण ‘मंजूर करा’ हे बटण फक्त मालकाला दिसावे. घाईत लिहिणारा प्रोग्रॅमर ते बटण सीएसएसने, म्हणजे फक्त दिसण्यापुरते, झाकतो. रिव्ह्यूमध्ये वाद होतो तो मात्र मंजुरीचा हँडलर प्रायव्हेट हवा की प्रोटेक्टेड यावर, आणि कुणीतरी म्हणतो की पैशांचा मामला आहे, जास्तीत जास्त बंद ठेवा. कारकुनाला ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये त्या बटणाचा स्टाइल काढून ते दाबायला अर्धा मिनिट पुरतो. ब्राउझर सर्व्हरकडे काय पाठवतो? एक पोस्ट रिक्वेस्ट, आणि तिच्यात कोणत्या कंट्रोलने इव्हेंट उठवला ते नाव. सर्व्हर तो कंट्रोल शोधतो, त्याचा क्लिक उठवतो आणि हँडलर चालतो. या सबंध प्रवासात हँडलर प्रायव्हेट होता की प्रोटेक्टेड, हे विचारणारी एकही जागा नाही. हँडलर चालवणारा शेवटी फ्रेमवर्कचाच कोड असतो आणि जोडणीच्या ओळीतून त्याला परवानगी आपणच दिलेली असते.

एएसपी डॉट नेटच्या दुसऱ्या आवृत्तीपासून इव्हेंट व्हॅलिडेशन आहे आणि ते मुळात चालूच असते, हे कुणी दाखवून देईल, आणि ते बरोबर आहे. जो कंट्रोल सर्व्हरने पानावर पाठवलाच नाही त्याच्या नावाने आलेला इव्हेंट ही तपासणी नाकारते. म्हणून बटण सीएसएसने झाकण्याऐवजी सर्व्हरवर व्हिजिबल फॉल्स केले तर वरची युक्ती चालत नाही. पण हा आधार पुरेसा मानू नये. पोस्टबॅकच्या, म्हणजे पान पुन्हा सर्व्हरकडे पाठवण्याच्या, आर्ग्युमेंटचा एरर आला की अनेक टीम ती तपासणी पानापुरती बंद करून मोकळ्या होतात, आणि बंद केल्याची नोंद कुणाच्या लक्षात राहत नाही. मंजुरीच्या कामाच्या पहिल्या ओळीत, शक्यतो हँडलरच्याही मागे असलेल्या सर्व्हिस क्लासमध्ये, समोरच्या माणसाची भूमिका तपासणे याला पर्याय नाही. रिव्ह्यूमधली अर्ध्या तासाची चर्चा मॉडिफायरऐवजी त्या एका ओळीवर झाली असती तर अडत्याचे भले झाले असते.

येथवर वाचून कुणाला वाटेल की मॉडिफायर म्हणजे केवळ प्रोग्रॅमरांची आपसातली शिस्त, तिचा बाहेरच्या जगाशी संबंध नाही. वेब फॉर्म्सपुरते हे खरे आहे. पण पद्धत तीच ठेवून दुसऱ्या फ्रेमवर्कात गेलो की उत्तर एकदम उलटते. एएसपी डॉट नेट एमव्हीसीमध्ये कंट्रोलरवरची, म्हणजे आलेल्या रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या क्लासवरची, प्रत्येक पब्लिक मेथड ही ॲक्शन धरली जाते आणि नेहमीच्या राउटिंगमध्ये पत्त्यातून थेट गाठता येते. मदतीसाठी लिहिलेली एखादी मेथड चुकून पब्लिक राहिली तर ती जगाला उघडी होते. म्हणूनच नॉनॲक्शन हा ॲट्रिब्यूट मुद्दाम द्यावा लागला. पीएचपी भाषेतल्या लारावेल फ्रेमवर्कच्या लाइव्हवायरमध्ये तर हे आणखी टोकाला जाते. तिथे कंपोनंटमधली कुठलीही पब्लिक मेथड ब्राउझरमधून बोलावता येते, पानावर तिच्यासाठी बटण असो वा नसो, आणि प्रायव्हेट किंवा प्रोटेक्टेड केली तर बोलावता येत नाही. म्हणजे वेब फॉर्म्समध्ये ज्या शब्दाने फक्त शेजारच्या क्लासला वाट मिळत होती, त्याच शब्दाने इथे सगळ्या इंटरनेटला वाट मिळते. वेब फॉर्म्सवर दहा वर्षे काढलेला माणूस ‘पब्लिकने काही बिघडत नाही’ ही सवय घेऊन लाइव्हवायरकडे गेला तर? म्हणून नियम पाठ करण्यापेक्षा बोलावणारा शोधण्याची सवय लावा, असे मी म्हणतो. पीएचपीच्या जगाला हा धडा लवकर शिकावा लागला होता. पीएचपी ४ मध्ये मेथड लपवण्याची सोयच नव्हती, ती २००४ साली पीएचपी ५ मध्ये आली. तोवरच्या संस्कारातून आलेल्या कोडइग्नायटर या पीएचपी फ्रेमवर्कने म्हणून अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या मेथडा पत्त्यातून चालू द्यायच्या नाहीत, असा संकेत ठेवला. भाषेने दिले नाही ते फ्रेमवर्कला नावाच्या पहिल्या अक्षरातून द्यावे लागले.

आपल्याकडे या विचाराला फार जुना आधार आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी सांगताना म्हटले आहे की गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष, म्हणून गड पाहून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्यात. त्यांतल्या नेहमीच्या राबत्याला हव्यात तेवढ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या या वाक्यात दोन्ही बाजूंना उत्तर आहे. सगळेच बंद करा म्हणणाऱ्याला ते सांगते की वाट नसणे हाही दोष आहे, आणि सगळे उघडे ठेवा म्हणणाऱ्याला सांगते की राबता नसेल ती दिंडी चिणून टाका. कोणती ठेवायची आणि कोणती चिणायची हे ठरते ते राबत्यावरून, आणि गड पाहून. राबता कुणाचा आहे हे न पाहता दरवाज्यांची संख्या ठरवणारा हवालदार त्या काळी नोकरीत राहिला नसता.

प्रोटेक्टेडची बाजू घेताना त्याचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर हीसुद्धा एकतर्फी वकिली होईल. प्रोटेक्टेड मेथड तयार झालेल्या एएसपीएक्स क्लासलाच नव्हे, प्रत्येक वारसाला दिसते. आपल्याकडच्या बहुतेक प्रकल्पांत बेसपेज नावाचा एक क्लास असतो आणि सगळी पाने त्याच्यापासून वारसा घेतात. त्या बेसपेजमध्ये कुणी हँडलर लिहिला की तो सगळ्या पानांच्या हाती येतो. एरवी वारसा नको असेल तर क्लास सील्ड करता येतो, पण कोड-बिहाइंड क्लास सील्ड करता येत नाही, कारण एएसपीएक्सपासून होणारा क्लास त्याचाच वारस असतो. ही गळती यंत्रणेतच आहे आणि ती शिस्तीनेच आवरावी लागते. सी प्लस प्लसच्या इतिहासात याच प्रोटेक्टेडची एक कथा आहे. ही भाषा घडवणारे बियार्न स्ट्राउस्ट्रप यांच्याकडे मार्क लिंटन या प्रोग्रॅमरने पब्लिक आणि प्रायव्हेट यांच्या मधली तिसरी पायरी मागितली, ती भाषेत आली, आणि काही वर्षांनी त्याच लिंटन यांनी आपल्या इंटरव्ह्यूज या प्रकल्पात प्रोटेक्टेड डेटा मेंबरवर बंदी घातली, कारण त्यातून बग निपजत होते. त्यांनी बंदी घातली ती डेटावर, मेथडवर नव्हे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वारसाला एखादी कृती करू देणे आणि वारसाला आपली स्थिती हवी तशी बदलू देणे यांत मोठे अंतर आहे. म्हणून वेब फॉर्म्समध्ये हँडलर प्रोटेक्टेड ठेवताना त्याच क्लासमधली फील्डे, म्हणजे चालू ग्राहकाचा क्रमांक, मंजुरीची रक्कम वगैरे, प्रायव्हेटच असली पाहिजेत. ‘हँडलर प्रोटेक्टेड आहे तर फील्डही तसेच’ अशी सरसकट नक्कल मी अनेक प्रकल्पांत पाहिली आहे आणि तिला कसलाही आधार नाही.

एक आक्षेप असाही येतो की रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्रॅम चालताना क्लासच्या आत डोकावण्याच्या सोयीने, प्रायव्हेट मेथडसुद्धा बोलावता येते, मग या भिंती कशाला? टाइपस्क्रिप्टमध्ये तर प्रायव्हेट हा शब्द कंपाइल होताच नाहीसा होतो आणि ब्राउझरमध्ये पोहोचलेल्या जावास्क्रिप्टमध्ये त्याचा मागमूस राहत नाही. धावतानाही टिकणारे लपवणे हवे तर २०२२ सालच्या मानकातले हॅशचे चिन्ह लावावे लागते. हे सगळे खरे आहे. पण संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ साली मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचे भाग, कसे पाडावेत यावर जे मांडले ते चोर-शिपायांविषयी नव्हते. पुढे बदलण्याची शक्यता असलेला निर्णय एका मॉड्यूलच्या आत ठेवावा, म्हणजे तो बदलताना बाकीच्यांना हात लावावा लागणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हँडलर हा अगदी असाच निर्णय आहे. आज बटण आहे, उद्या ड्रॉपडाउन होईल, परवा तेच काम आपोआप होईल. तो बाहेर कुणाला ठाऊक नसेल तरच हे बदल निमूटपणे होतात. मुद्दाम रिफ्लेक्शन वापरणाऱ्याला आपण काय करतो आहोत ते माहीत असते. मॉडिफायर अडवतो तो कोड लिहिताना नावे सुचवणाऱ्या इंटेलिसेन्सच्या यादीत नाव दिसले म्हणून वापरणाऱ्याला, आणि प्रत्यक्ष नुकसान बहुतेक वेळा त्याच्याच हातून होते.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या अँग्युलर या फ्रेमवर्कने याबाबत जे केले ते मला आदर्श वाटते. पूर्वी टेम्प्लेटमधून वापरायचा प्रत्येक मेंबर पब्लिक ठेवावा लागे, त्यामुळे केवळ टेम्प्लेटसाठी असलेला हँडलर आणि इतर कंपोनंटसाठी मुद्दाम देऊ केलेली मेथड यांत फरक करता येत नसे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या पंधराव्या आवृत्तीपासून टेम्प्लेटला प्रोटेक्टेड मेंबर वापरता येतात. आता पब्लिक म्हणजे बाहेरच्यांसाठी, प्रोटेक्टेड म्हणजे आपल्या टेम्प्लेटसाठी आणि प्रायव्हेट म्हणजे क्लासपुरते, असे तीन राबते तीन शब्दांत वेगळे मांडता येतात. ब्राउझरसाठीच्याच रिॲक्टमध्ये हँडलर हे फंक्शनच्या आतले फंक्शन असते, त्यामुळे तिथे हा प्रश्नच नाही, असे तरुण मंडळी म्हणतात. ब्राउझरपुरते ते ठीक आहे. रिॲक्टवरच उभ्या असलेल्या नेक्स्ट जेएसमध्ये ‘यूज सर्व्हर’ लिहून निर्यात केलेले फंक्शन मात्र बाहेरून गाठता येणारा दरवाजा असतो, तेव्हा प्रश्न तिथेही दत्त म्हणून उभा राहतो, फक्त मॉडिफायरऐवजी एक्स्पोर्टच्या रूपात.

ठाण्यात स्टेशनभोवतीच्या क्लासेसमध्ये आणि ऐरोली-महाप्यातल्या मुलाखतींत ‘पब्लिक, प्रायव्हेट, प्रोटेक्टेडमधला फरक सांगा’ हा प्रश्न इतका घासून झाला आहे की मुले उत्तर झोपेतही देतील. त्याच मुलांना ‘या पानातला हा हँडलर प्रायव्हेट केला तर काय होईल आणि ते केव्हा कळेल?’ असे विचारून पाहा. या एका प्रश्नात वारसा, कोड जनरेशन, कंपाइल होण्याची वेळ आणि पोस्टबॅक अशा चार गोष्टी तपासल्या जातात. शिकवणाऱ्यांनी व्याख्येऐवजी एक एएसपीएक्स फाइल उघडून तिच्यापासून तयार झालेला क्लास एकदा दाखवावा. तो सर्व्हरच्या टेम्पररी एएसपी डॉट नेट फाइल्सच्या फोल्डरमध्ये सापडतो. तो पाहिलेला विद्यार्थी प्रोटेक्टेड का, हे पुन्हा विचारणार नाही.

आणि हा वाद जुन्या तंत्राबरोबर मरून जाईल असे समजू नये. वेब फॉर्म्स नव्या डॉट नेटमध्ये आणलेले नाही, त्यामुळे ही पाने केव्हातरी नव्याने लिहावीच लागणार आहेत, आणि आपल्या पट्ट्यातल्या बऱ्याच टीमला ते काम ब्लेझर या नव्या डॉट नेटमधल्या फ्रेमवर्कमध्ये करावे लागेल. ब्लेझरमध्ये रेझर फाइल (पानाचा दिसणारा भाग) आणि तिच्या जोडीचा पार्शल क्लास मिळून एकच क्लास होतो. पार्शलची ही सोय डॉट नेट कोअर ३.१ पासून आहे. बोलावणारा पुन्हा घरातच आला, तेव्हा तिथे हँडलर प्रायव्हेटच असला पाहिजे आणि जुन्या पानातले प्रोटेक्टेड जसेच्या तसे उतरवणे चूक आहे. मात्र ज्यांनी कोड-बिहाइंड पार्शलऐवजी बेस क्लास म्हणून लिहिला आहे आणि रेझर फाइलीत इनहेरिट्स वापरले आहे, त्यांना प्रोटेक्टेडच लागेल. याहून मोठा फरक वेबअसेंब्लीवर, म्हणजे ब्राउझरमध्येच, चालणाऱ्या ब्लेझरमध्ये पडतो. जो हँडलर कालपर्यंत सर्व्हरवर चालत होता तो आता वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये चालतो. त्याच्या पहिल्या ओळीत केलेली भूमिकेची तपासणी आता त्याच्याच यंत्रावर, त्याच्याच ताब्यात आहे आणि तिला सुरक्षा म्हणून काही किंमत उरत नाही. म्हणून अशा प्रकल्पाच्या सुरुवातीला, एकही पान उतरवण्याआधी, जुन्या कोडमधले ज्यांच्यात परवानगीची तपासणी आहे असे सगळे हँडलर वेगळे काढावेत आणि ती तपासणी सर्व्हरवरच्या एपीआयमध्ये आधी न्यावी. त्यांचे मॉडिफायर त्यानंतर ठरवले तरी चालतील.